जावेचा कागद चालला

माझ्या धाकट्या जावेला आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर करता आलेली नाही, आणि त्यामुळे तिचं कधी काही अडलेलंही नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाही. धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या एकाच आवारात दोन घरं आहेत, पुढचं आमचं आणि मागचं दिरांचं, आणि दोन्हींना मिळून फाटक एकच. गेली तीस-पस्तीस वर्षं त्या फाटकातून मी तिला उशिरा जाताना आणि हसत परत येताना पाहते आहे. लग्नाला जायचं तर अक्षता पडून जायच्या, तरी हिला पहिल्या पंगतीत बोलावून जागा मिळायची. मी अक्षतांच्या आधी अर्धा तास जाऊन बसणारी. मला जागा मिळायची ती खांबाआड.

मी शाळेत गणित शिकवलं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. जावेचं माहेर हुबळीचं, कापडाच्या दुकानदाराचं. तिला दोन मुलगे. मला एकच मुलगी, आणि ती लग्न होऊन परदेशी गेली. कुठल्या देशात ते लिहीत नाही. मधला काही काळ मी त्या देशाचं नाव घरातही घेत नसे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी, लशी नुकत्याच आल्या होत्या तेव्हा, मुलीनं फोनवर सांगितलं की तिला दिवस गेलेत. विहीणबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, त्या काही येऊ शकत नव्हत्या. आणि येऊ शकत असत्या तरी पहिलं बाळंतपण आईकडचं. मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर आईनं तिच्याकडे जायचं, एवढं साधं होतं ते. माझा पासपोर्ट होता, व्हिसा त्या वर्षअखेरपर्यंतचा होता. राहिली लस.

लस मिळवायला मी काय केलं नाही! माझी एक जुनी विद्यार्थिनी एका दवाखान्यात कामाला होती, तिला फोन केला. सकाळी सहाला जाऊन बसले. ज्या दिवशी आमच्या वयाच्या लोकांना परवानगी मिळाली त्याच आठवड्यात माझ्या दंडात सुई गेली होती, आणि दुसरा डोस गल्लीत कुणाचा पहिला व्हायच्या आत झाला. दोनच लशी होत्या तेव्हा आपल्याकडे. दोन्ही चांगल्या. मला मिळाली ती इथेच शोधून इथेच तयार केलेली, आणि मला त्याचा अभिमानच वाटला. प्रमाणपत्राची रंगीत प्रत काढून मी ती लॅमिनेट करून घेतली. यजमान म्हणाले, "भिंतीवर लावतेस काय?" त्यांना म्हटलं, विमानतळावर दाखवायला लागणार आहे, तिथे चुरगळलेला कागद बरा दिसत नाही.

त्याच सुमारास दुसरी लाट आली. आमच्या गल्लीतली दोन माणसं आठ दिवसांच्या अंतरानं गेली, आणि मी फाटकाचा ताबा घेतला. बाळंतपणाला जायचं म्हणजे मला आजारी पडून चालणार नव्हतं. सकाळी खुर्ची टाकून पायरीवर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, लस घेतली काय? घेतली असेल तर दाखव. मोबाइलमध्ये दाखव, नाहीतर कागद दाखव. तोंडी सांगितलेलं मी मानत नसे. शाळेत इतकी वर्षं 'बाई, वही घरी राहिली' ऐकलेलं होतं. दूधवाला दाखवून गेला. कामवालीनं घेतली नव्हती, तिला पगारी रजा देऊन पाठवलं आणि कागद आणल्यावरच आत घेतलं. तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. मला ते फार आवडलं. घरात शिरणाऱ्यानं पुरावा दाखवावा, यात मला तेव्हाही काही चूक वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

फाटकातून जाणाऱ्यांत एकच माणूस असं होतं की ज्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. माझी जाऊ. तिला आज ताप येईल अशी भीती, उद्या सांडगे घालायचेत, परवा एकादशी. मी म्हटलं, माझी पोरगी अवघडलेली आहे, मला तिच्याकडे जायचंय, आणि तू इथे बिनलसीची हुंदडतेस. ती म्हणाली, "अक्का, घेते की हो. लस कुठं पळून चाललीय काय?"

शेवटी मीच तिला नेलं. हे मी पुन्हा पुन्हा आठवते, म्हणून नीट लिहिते. केलगेरीच्या बाजूला एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. मीच रिक्षा बोलावली, मीच तिचं आधार कार्ड शोधून दिलं, मीच रांगेत उभी राहिले, आणि ती पंख्याखाली खुर्ची घेऊन बसली. मंगल कार्यालय म्हणून की काय, पैठणीच तेवढी नेसायची ठेवली होती तिनं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या हिरव्या बांगड्या. बाही वर करताना त्या इतक्या किणकिणल्या की रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

आमचा नंबर आला तेव्हा नर्स म्हणाली, आज तुमच्यावाली नाही, दुसरी आली आहे. मी जावेला म्हटलं, चल परत. मी घेतली तीच तूही घे, पुढच्या आठवड्यात येऊ. खरोखर मी तिला उठवत होते. ती म्हणाली, "आता पुन्हा कोण येतंय हो अक्का! कुठली का असेना, सुई बारीक आहे ना?" आणि तिनं दंड पुढे केला.

एवढंच झालं. तिला परत यायचा कंटाळा आला.

मुलीला सातवा लागून गेला आणि तिच्या देशानं दारं उघडली. पण बाहेरून येणाऱ्यांना लसीचा पुरावा सक्तीचा केला. मी बातमी वाचून यजमानांना म्हटलं, बघा, शहाणा देश आहे. फाटकावर मी जे करत होते तेच ते विमानतळावर करत होते. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिचा आवाज जपून टाकलेल्या पावलासारखा होता.

"आई, तुझ्या सर्टिफिकेटवर लसीचं नाव काय लिहिलंय ते वाचून दाखव."

मी चष्मा लावून वाचून दाखवलं. तिनं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"आई, त्यांच्या मान्य लशींत ती नाही अजून. दुसरी आहे. होईल म्हणतात तुझीपण, पण कधी ते कुणी सांगत नाही. तोवर तुला विमानात बसू देणार नाहीत."

"पण मी दोन्ही डोस घेतलेत गं. सगळ्यांच्या आधी घेतलेत."

"हो आई. पण त्यांच्या हिशेबी तू घेतलीच नाहीस."

त्यांच्या हिशेबी मी घेतलीच नव्हती. कामवालीनं घेतली होती, दूधवाल्यानं घेतली होती. त्या दोघांनी कुठली घेतली हे मी फाटकात कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते आता, दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघांचीही दुसरीच निघाली. मनात आलं असतं तर उद्या माझी कामवाली माझ्या मुलीकडे जाऊ शकली असती. माझी मुलगी मला घरात घेऊ शकत नव्हती.

मी काय केलं ते सांगते. आठ दिवसांनी मी एकटीच रिक्षा करून केलगेरीच्या त्या मंगल कार्यालयात गेले. मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, आधारऐवजी पॅन कार्ड नेलं, आणि रांगेत उभी राहिले. म्हटलं, दंडात जागा आहे, औषध त्यांच्याकडे आहे, कुणाचं काय जातंय? पुढे-मागे सगळे कॉलेजातले, अजून एकही डोस न झालेले. त्यांच्याकडे पाहून माझा जीव जळत होता. कोरी पाटी होती त्यांची. ते म्हणतील ती लस त्यांना मिळणार होती. संगणकावर बसलेल्या मुलीनं माझा फोन नंबर घातला आणि मान वर करून मोठ्यानं म्हणाली, "अम्मा, निम्मवु आगले एरडू आग्यावल्री!" तुमच्या दोन्ही झाल्यात की हो, असं. रांग हसली. मीही हसल्यासारखं केलं आणि बाहेर आले. रिक्षावाला थांबलेला होता. त्यानं विचारलं, झाली काय लस? मी म्हटलं, झाली.

यजमान म्हणत, थांब जरा, येईल मान्यता. यजमानांना बाळंत व्हायचं नव्हतं. दिवस मुलीचे भरत होते, माझ्या लसीचे नव्हेत.

मग मुलीनं ते विचारलं. मला वाटतं, तिनं बरेच दिवस ते तोंडात धरून ठेवलं असेल. "आई, काकूकडे अजून व्हिसा आहे ना गं? दादा इथं असताना काढलेला?"

जावेचा थोरला मुलगा दोन-तीन वर्षं त्याच देशात होता, मग बंगळूरला परत आला. तेव्हा जावेनं तिकडची वारी केली होती आणि व्हिसा मिळाला होता दहा वर्षांचा. मला मिळाला त्याची मुदत संपत आलेली. हेही तसंच.

"आहे की," मी म्हटलं. "विचार तिला."

मी हे इतक्या गोड आवाजात म्हटलं की मुलीला खरं वाटलं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि कोथिंबीर इतकी बारीक चिरली की तिची चटणी करावी लागली.

जाऊ धावतच आली. धावताना मी तिला त्याआधी पाहिलेलं नव्हतं. "अक्का, मला काय येतंय हो त्यातलं? मला दोन्ही पोरगे, आणि माझी बाळंतपणं आईनं केली. मला मुलगी तरी कुठं आहे? तुम्ही सांगाल तसं करते." तिचे डोळे चमकत होते. जिला मुलगी नाही तिला मुलीचं बाळंतपण करायला मिळणार होतं. मला मुलगी होती आणि मी ते तिला शिकवत बसणार होते.

शिकवलं. पाटावर पाय पसरून, पायांवर उशी आडवी घालून, बाळाला न्हाऊ कसं घालायचं, पाणी कुठल्या हातानं ओतायचं, टाळूवर तेल किती. अंटिन उंडी, म्हणजे आमच्याकडचे डिंकाचे लाडू, डिंक किती फुलवायचा. ती मध्येच हसायची, मध्येच उशीशी बोलायची, "काय गं राणी, पाणी ऊन आहे काय?" आणि तिच्या बांगड्या वाजत राहायच्या. मी म्हटलं, त्या काढून ठेव, बाळाला लागतील. शाळेत फळ्यावर लिहिताना आवाज होतो म्हणून मी काचेच्या बांगड्या कधीच सोडल्या होत्या. एका हातात सोन्याची एक, दुसऱ्यात घड्याळ. ती म्हणाली, "बांगड्या काढल्या तर मला माझा हातच ओळखू येत नाही हो."  इतकी चांगली विद्यार्थिनी मला नको होती. तिनं चुका कराव्यात असं मला वाटत होतं, आणि मुलगी माझी असल्यामुळे करू नयेत असंही वाटत होतं. त्या पंधरवड्यात माझं डोकं रोज दुपारी दुखायचं.

हिरव्या खणाची एक कुंची मी शिवली होती. लाल काठ, टाळूवर येईल अशा ठिकाणी मोत्यांचं फूल. मुलीनं बातमी दिली त्या आठवड्यातच कापड आणलं होतं. जावेनं बॅग भरताना हात पुढे केला. "द्या की अक्का, पहिल्या दिवशी घालते." मी म्हटलं, ती मी स्वतः घेऊन जाणार आहे. जाऊ म्हणाली, बरं. आणि जाताना हुबळीच्या बाजारातून एक तयार कुंची विकत घेऊन गेली.

ती निघाली दसऱ्याच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी सोनं म्हणून बन्नीची पानं एकमेकांच्या हातात देतात. बॅगा रिक्षात चढवून ती फाटकातून परत आली, माझ्या हातावर पानं ठेवली, वाकून नमस्कार केला आणि नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये म्हणाली, "नावु नीवु बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण." आपण दोघी सोन्यासारख्या राहू या. मी पण पानं दिली. सीमोल्लंघन करायचं ते मी, आणि मी तिला टाटा करत होते.

हुबळीच्या विमानतळापर्यंत मी गेले. यजमान म्हणाले कशाला जातेस, पण मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर मला आशा होती. तिच्या घडी घातलेल्या, कोपऱ्यात हळदीचा डाग पडलेल्या प्रमाणपत्रात काहीतरी चूक निघेल, नावाचं एखादं अक्षर, जन्मतारीख, काहीही. काचेतून काउंटर दिसत होतं. तिथल्या मुलीनं कागद हातात घेतला, उलटून पाहिला, काहीतरी विचारलं. जाऊ हसली. मुलगी पण हसली. मग जाऊ वळली आणि मला दिसेल असा तो कागद डोक्यावर धरून हलवला. चालला! चालला! माझ्या पर्समध्ये माझा लॅमिनेट केलेला होता. का नेला होता, देव जाणे.

नात झाली. मुलगी सुखरूप होती, हे आधी लिहिते, कारण ते खरं आणि मोठं आहे. त्याच्यापुढचं सगळं लहान आहे, पण मला ते जास्त आठवतं. पहिली आंघोळ मी फोनवर पाहिली. फोन न्हाणीघरातल्या फळीवर उभा केला होता. दोन मिनिटांत वाफेनं पडदा पांढरा झाला आणि मला काहीच दिसेना. नुसता आवाज. पाणी ओतल्याचा, नातीच्या रडण्याचा, आणि बांगड्यांचा. मी इकडून ओरडत होते, मान धर, मान धर. कुणाला ऐकू जात नव्हतं. मग रडणं थांबलं आणि बांगड्यांचा आवाज तेवढा हळूहळू येत राहिला, थोपटल्याचा. नात झोपली होती. मी मळमड्डीत पायरीवर फोन धरून बसले होते आणि मला माझ्या जावेचा असा हेवा वाटला की पोटात कळ आली. हे नुसतं म्हणायला नाही, खरंच कळ आली. ओवा चावला तेव्हा कमी झाली.

मुलगी म्हणायची, "काकूच्या हातचे लाडू मस्त झालेत." डिंक माझ्या मापाचा होता. मुलगी म्हणायची, "काकू रात्री मला उठूच देत नाही." मी म्हणायचे, वा, छान. माझ्या लसीला त्या देशानं मान्यता दिली ती नात काही आठवड्यांची झाल्यावर. यजमानांनी पेपर माझ्यापुढे धरला. तोवर माझा व्हिसा संपायला आला होता, आणि नव्यासाठी इतकी गर्दी उसळली होती की मुलाखतीची तारीखच वर्षापलीकडची मिळाली.

जाऊ सहाएक महिन्यांनी परत आली. गोरी झाली होती. गल्लीतल्या बायका मला ओलांडून मागच्या घरात जायच्या, नात कशी आहे ते विचारायला. माझी नात! एकदा एक तर मला म्हणाली, तुमच्या जावेनं नशीब काढलं. जाऊ प्रत्येकीला सांगायची, "मी काय केलं हो, अक्कांनी शिकवलं तसं केलं." ती भांडली असती, मिरवली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचा चांगुलपणा मला फार महाग पडत होता. तिनं आणलेला स्वेटर मी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला, आणि धारवाडला थंडीच पडत नाही असं सगळ्यांना सांगत राहिले.

मी गेले तेव्हा नात दोन वर्षांची होत आली होती. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र पर्सच्या पुढच्या कप्प्यात, चटकन काढता येईल असं ठेवलं होतं. हुबळीला कुणी विचारलं नाही. बंगळूरला नाही. तिकडे उतरल्यावर रांगेत माझा नंबर आला तेव्हा मीच ते काढून काचेखालून पुढे सरकवलं. तिथल्या माणसानं ते सरळ परत केलं आणि म्हणाला, आता हे लागत नाही. नियम काढून टाकलाय. मी तिथंच उभी राहिले. मला तो नियम तेव्हाही पटला होता आणि त्या माणसासमोरही पटत होता. बाहेरून येणारा माणूस तान्ह्या बाळाच्या घरात जाणार असेल तर विचारावंच. फक्त एकदा मला विचारा ना, आणि माझा कागद बघून आत सोडा. मागच्या बाईनं पुढे सरका म्हटलं तेव्हा मी सरकले.

नातीनं मला पाहिलं, मग मुलीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग पुन्हा मला. मी त्या फोनमधली आज्जी, हे तिला कळायला दोन दिवस लागले. कुंची तिच्या डोक्यावर चढेना. मुलीनं ती बाहुलीला घातली, नातीला ती आवडली, आणि मी म्हटलं, राहू दे.

तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, आई, आज दुपारी तू झोपव तिला. मी वाटच बघत होते. पडदे ओढले, तिला शेजारी घेतलं, थोपटायला लागले. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि हलवलं. कान लावला. पुन्हा हलवलं. घड्याळाचा पट्टा ओढला, आणि ओठ काढून रडायला लागली. विमानतळावर कुणी काही विचारलं नव्हतं. इथं विचारलं, आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मुलगी आली. तिनं टेबलाचा खण उघडला आणि चार हिरव्या काचेच्या बांगड्या माझ्यापुढे धरल्या. "काकू ठेवून गेलीय. यांच्याशिवाय ही झोपतच नाही. मीपण त्याच घालते. घाल ना आई."

जावेचा हात बारीक. माझा भरलेला. साबण लावून, हाड दाबून त्या उजव्या हातात कशाबशा चढल्या. मी थोपटायला लागले. त्या वाजायला लागल्या. नातीनं एकदा सुस्कारा टाकला, माझ्या मनगटावर गाल ठेवला आणि झोपली. इतक्या पटकन झोपली! मी हलले नाही. तिचा वास घेत पडून राहिले, आणि त्या चार बांगड्या फोडून खिडकीतून फेकून द्याव्यात असं मला वाटत होतं. फोडल्या असत्या तर संध्याकाळी पुन्हा कशानं झोपवलं असतं? मग त्या हातातच ठेवून मी तिला रोज झोपवायला लागले. मुक्काम संपेपर्यंत नात माझ्याकडेच झोपायची, हात धरून न्यायची पलंगाकडे. निघायच्या आदल्या दिवशी मी त्या काढायला गेले तर निघेनात. साबण, तेल, सगळं झालं. उजव्या हाताला तिकडच्या थंडीनं सूज आली होती. मुलगी म्हणाली, राहू देत आई, तिला मी दुसऱ्या आणते, आता मोठी झालीय, चालवून घेईल. सवाष्णीनं बांगडी फोडू नये म्हणून मीही जोर केला नाही.

धारवाडला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आली. दुपारपर्यंत थांबेल असं वाटलं होतं, पण या वेळी मात्र उजाडतानाच आली. पायरीवर बसली. कशी आहे, केवढी झाली, दात किती, बोलते काय काय, सगळं विचारून झालं. मी सांगत होते. मग ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ओळखेल काय हो अक्का ती? विसरली असेल की आता. सहा महिन्यांचं पोर, त्याला काय आठवतंय म्हणा." ती हसली, पण नेहमीसारखं नाही. इतक्या वर्षांत तिनं मला काही मागितलं असेल तर ते एवढंच.

मी पदर उजव्या मनगटावर ओढून घेतला.

"विसरतात गं मुलं," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले. साखर डाव्या हातानं ढवळली.